विंडो मॅनेजरला टर्मिनल दिसतं, आतला प्रोग्राम नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आय-थ्री हा खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर नुकताच वापरायला घेतलाय. रोजची बरीच कामं टर्मिनलमध्येच चालतात: मेलसाठी निओमट, फाइलींसाठी रेंजर, मशीनवर नजर ठेवायला एचटॉप, शिवाय दोन-तीन सर्व्हरवर एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन. प्रत्येकाला ठरलेलं वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांसाठी वेगळा पडदा, मिळावं म्हणून नियम लिहिले, तर एक तर झाडून सगळी टर्मिनलं तिकडे पळतात, नाही तर एकही हलत नाही. स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट नव्या खिडकीत उघडली की अर्ध्याच रुंदीत छापते. आणि एवढं सगळं चालू असताना लोक सांगतात की टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलच्या आत अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम, घ्या. मग आय-थ्री कशाला हवा, असं तुम्ही विचारलंय.

हे तीन वेगळे प्रश्न वाटतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. विंडो मॅनेजर आणि टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम यांची थेट ओळखच नसते. मध्ये टर्मिनल उभं असतं. फायरफॉक्स स्वतःची खिडकी स्वतः उघडतो आणि तिला स्वतःचं नाव लावतो. एचटॉप खिडकी उघडतच नाही. तो फक्त अक्षरं पाठवतो, ती पडद्यावर काढायचं काम टर्मिनलचं. टपालवाला पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतलं पत्र नाही. विंडो मॅनेजरचंही तसंच. म्हणून 'क्लास एक्सटर्म असेल तर तिसऱ्या वर्कस्पेसवर टाक' असा नियम लिहिला की सगळी टर्मिनलं तिकडे जातात, आणि 'क्लास निओमट' असा लिहिला की काहीच जात नाही, कारण त्या नावाची खिडकी कधी तयारच होत नाही.

पुढचं उत्तर बरंचसं तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून आहे: एक्स-इलेव्हन की वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या आणि नव्या प्रणाली), टर्मिनल कोणतं, आणि काम याच मशीनवर चालतं की दूरच्या. आय-थ्री म्हणालात म्हणजे एक्स-इलेव्हन धरून चालतो. स्वे, म्हणजे आय-थ्रीचा वेलँडवरचा जोडीदार, वापरत असाल तर कुठे फरक पडतो ते सांगत जाईन.

आधी नावाचं बघू. एक्स-इलेव्हनमध्ये प्रत्येक खिडकीला 'डब्ल्यूएम क्लास' नावाचा गुणधर्म असतो आणि त्यात दोन नावं असतात. पहिलं इन्स्टन्स, दुसरं क्लास. एक्सप्रॉप ही कमांड चालवा, माउसचा बाण बदलेल, मग हव्या त्या खिडकीवर क्लिक करा. छापलेल्या यादीत ही ओळ सापडेल. साध्या एक्सटर्मचं इन्स्टन्स सगळं लहान अक्षरांत असतं आणि क्लासमध्ये एक्स आणि टी मोठे असतात. आय-थ्री लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतो, त्यामुळे अंदाजाने नाव लिहू नका, एक्सप्रॉपमधून बघूनच उतरवा. वेलँडवर हा दुहेरी प्रकार नाही. तिथे एकच नाव असतं, ॲप आयडी, आणि स्वेमध्ये ते बघायला स्वे-एमएसजीला गेट-ट्री मागायचं.

आता युक्ती एवढीच की टर्मिनल उघडतानाच त्याला वेगळं नाव द्यायचं आणि त्याच दमात आत कोणता प्रोग्राम चालवायचा तेही सांगायचं. एक्सटर्ममध्ये यासाठी 'नेम' आणि 'क्लास' असे दोन पर्याय आहेत. मी 'नेम'च वापरतो. 'क्लास' बदलला तर तुमच्या एक्स-रिसोर्सेस या सेटिंग्जच्या फाइलमधल्या एक्सटर्मसाठी लिहिलेल्या ओळी, म्हणजे फॉन्ट, रंग वगैरे, त्या खिडकीला लागूच होत नाहीत, कारण त्या क्लासच्या नावावरच बांधलेल्या असतात. मग मेलची खिडकी तेवढी पांढरीफटक का, म्हणून शोधत बसावं लागतं. अलॅक्रिटी आणि किटी या टर्मिनलांमध्ये 'क्लास' पर्याय आहे आणि वेलँडवर तोच ॲप आयडी होतो. फूट या टर्मिनलमध्ये थेट 'ॲप-आयडी' म्हणूनच पर्याय आहे.

म्हणजे निओमटसाठीचा शॉर्टकट असा वाचला जाईल: एक्सटर्म उघड, नाव 'मेल' ठेव, आत निओमट चालव. आणि नियम: इन्स्टन्स 'मेल' असेल तर दुसऱ्या वर्कस्पेसवर. नियमातलं नाव आय-थ्री रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा साचा, म्हणून वाचतो आणि ते नावात कुठेही सापडलं तरी जुळलं असं मानतो. तेव्हा सुरुवातीला कॅरेट (^) आणि शेवटी डॉलर ($) लावा, नाही तर उद्या 'मेल-चाचणी' नावाची खिडकी उघडलीत तर तीही तिकडेच जाईल. तुमची 'सगळीच पळतात' ही तक्रार क्लासमुळे आहे की अशा अर्धवट जुळणीमुळे, हे एक्सप्रॉपने लगेच कळेल.

बरेच जण नावाऐवजी शीर्षकावर, म्हणजे खिडकीच्या टायटलवर नियम लिहितात. वरवर ते सोपं वाटतं, कारण टायटलमध्ये आतल्या प्रोग्रामचं नाव खरंच दिसतं. पण ते टायटल आतला शेल (तुमच्या कमांड वाचणारा, जसा बॅश) किंवा प्रोग्राम एका एस्केप सीक्वेन्सने, म्हणजे टर्मिनलला दिलेल्या खास अक्षरांच्या खुणेने, मागाहून बदलत असतो. खिडकी पहिल्यांदा उभी राहते तेव्हा टायटल वेगळंच असतं. आय-थ्रीतला 'असाइन' नियम खिडकी उभी राहतानाच तपासला जातो, त्यामुळे तो हुकतो. 'फॉर-विंडो' नियम नंतर बदललेलं टायटलही पकडू शकतो, पण मग खिडकी आधी समोर उघडते आणि क्षणात दुसरीकडे उडी मारते. आत टीमक्स असेल तर आणखी एक भर: त्यातलं 'सेट-टायटल्स' मुळात बंद असतं, म्हणून आतल्या प्रोग्रामने दिलेलं टायटल बाहेर पोचतच नाही. टायटल हे माणसाने वाचायला ठेवा. नियमांसाठी क्लास, इन्स्टन्स किंवा ॲप आयडी.

टर्मिनल कोणतं, हा मुद्दा इथेच येतो. ग्नोम टर्मिनल आपल्या सगळ्या खिडक्या पाठीमागे चालणाऱ्या एकाच सर्व्हर प्रोसेसमधून उघडतं. तुम्ही चालवलेली कमांड त्या सर्व्हरला निरोप देऊन लगेच परत येते. त्यामुळे खिडकीगणिक वेगळं नाव देणं तिथे सरळ होत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये 'ही खिडकी बंद होईपर्यंत थांब' म्हटलं तर वेगळा 'वेट' पर्याय द्यावा लागतो. वाईट टर्मिनल आहे असं नाही. या कामाला गैरसोयीचं आहे, इतकंच. गंमत म्हणजे फूटलाही सर्व्हर पद्धत आहे, पण तिथे प्रत्येक खिडकी मागताना ॲप आयडी देता येतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

प्रोग्राम असा थेट टर्मिनलमध्ये चालवायला लागलात की दोन गोष्टी हमखास अडतील. पहिली: मध्ये शेल नसतो, म्हणून बॅश-आरसीमध्ये (बॅशच्या सेटिंग्जची फाइल) लिहिलेले अलियस (कमांडची टोपणनावं) आणि पाथमधली (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) भर तिथे लागू होत नाही. टर्मिनलमध्ये टाइप केलं की चालतं, शॉर्टकटने उघडलं की चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. पूर्ण पाथ द्या, किंवा पाथची ओळ लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइलमध्ये हलवा. दुसरी: प्रोग्राम संपला की खिडकी गेली. चूक झाली असेल तर तिचा संदेशही खिडकीबरोबर जातो आणि तुम्हाला नुसती एक उघडझाप दिसते. अशा वेळी 'होल्ड' पर्याय लावून बघा. एक्सटर्म, अलॅक्रिटी, किटी आणि फूट, चौघांतही तो आहे. अडचण सापडली की काढून टाका.

आता अर्ध्या रुंदीची स्क्रिप्ट. एक्स-इलेव्हनवर टर्मिनल आधी आपल्या ठरलेल्या मापाने, सहसा ८० स्तंभ आणि २४ ओळी, तयार होतं आणि आतला प्रोग्राम सुरू करतं. मग विंडो मॅनेजर ती खिडकी ताणून टाइलमध्ये बसवतो. तुमच्या स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत टीपुट या कमांडला रुंदी विचारली असेल तर तिला ८० उत्तर मिळतं आणि ती शेवटपर्यंत तेच धरून बसते. माप बदललं की कर्नल टर्मिनलमध्ये समोर चालू असलेल्या प्रोसेसला सिग-विंच नावाचा सिग्नल देतो. एचटॉप, विम, लेस हे तो ऐकतात आणि पुन्हा रेखाटतात. स्क्रिप्टने ऐकायचं ठरवलं तरच ती ऐकते. त्यामुळे एक तर प्रत्येक वेळी छापण्याआधी रुंदी नव्याने विचारा, किंवा विंचवर ट्रॅप, म्हणजे तो सिग्नल आला की काय चालवायचं ते सांगणारी ओळ, लावा. ट्रॅप लावलात तर बॅश तो चालू असलेली कमांड संपल्यावरच चालवतो, हे ध्यानात ठेवा. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा स्लीप टाकूनही काम भागतं, पण मशीनवर ताण असला की ते पुन्हा फसतं.

इथे एक सक्त ताकीद: रुंदी कायम करायच्या नादात कॉलम्स आणि लाइन्स ही व्हेरिएबलं एक्स्पोर्ट करू नका. एन-कर्सेस या पडदा रेखाटणाऱ्या लायब्ररीवर बांधलेले प्रोग्राम ती खरी मानतात आणि मग खिडकी कितीही ताणा, ते जुन्या मापालाच चिकटून राहतात. मॅन पेज मात्र याच्याशी संबंध नसतानाही अरुंद राहील, कारण त्याची मांडणी उघडतानाच्या रुंदीप्रमाणे एकदाच होते. क्यू दाबून पुन्हा उघडा.

टाइल किती अरुंद करायच्या याचा हिशोबही एकदा करून ठेवावा. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर तीन उभे स्तंभ केले तर प्रत्येकी ६४० पिक्सेल येतात. फॉन्टचं अक्षर ८ पिक्सेल रुंद असेल तर कडा आणि मोकळी जागा धरण्याआधी बरोबर ८० अक्षरं बसतात. ९ झालं की ७१. निओमटची यादी आणि एचटॉपचे कमांडचे रकाने तिथेच कापले जायला लागतात. म्हणून मी अशा प्रोग्रामांना तिसऱ्या स्तंभात कोंबत नाही. आय-थ्रीच्या टॅब मांडणीत ठेवतो, म्हणजे एका वेळी एकच दिसतो पण पूर्ण रुंदीत.

आता तुमचा मोठा प्रश्न: टीमक्स की विंडो मॅनेजर. यावर टोकाची मतं असलेले लोक भरपूर आहेत, पण दोघांची कामं वेगळी आहेत. विंडो मॅनेजर खिडक्या मांडतो. टीमक्सही मांडतो, पण त्याची खरी किंमत मांडणीत नाही. खिडकी बंद झाली की टर्मिनल जातं, आणि आतल्या प्रोसेसना सिग-हप हा 'टर्मिनल गेलं' असा सिग्नल मिळून त्याही जातात. टीमक्सचा सर्व्हर त्या खिडकीच्या आधारावर उभा नसतो, म्हणून खिडकी गेली तरी आतलं काम चालू राहतं. स्क्रीन हा जुना प्रोग्राम १९८७ पासून हेच करत आलाय, टीमक्स २००७चा.

माझी विभागणी सरळ आहे. खिडकी बंद पडल्यावरही जे जगायला हवं ते टीमक्समध्ये. जे नुसतं शेजारी-शेजारी दिसायला हवं ते विंडो मॅनेजरकडे. त्यामुळे माझ्या स्वतःच्या मशीनवर टीमक्सचे पेन (एकाच खिडकीचे पाडलेले भाग) जवळपास नसतात आणि सर्व्हरवर टीमक्सशिवाय मी काम सुरू करत नाही. एसएसएच तुटणारच, आणि ते नेमकं मोठं डेटाबेस स्थलांतर चालू असतानाच तुटतं.

स्थानिक मशीनवर पेन का टाळतो, तेही सांगतो. दोन पेन शेजारी असताना माउसने मजकूर निवडलात तर टर्मिनलच्या दृष्टीने ती एकच सलग ओळ असते, आणि दोन्ही पेनांतला मजकूर मधल्या रेघेसकट कॉपी होतो. टीमक्सचा माउस मोड लावून ते सुटतं, पण मग कॉपी त्याच्या बफरमध्ये जाते आणि ती क्लिपबोर्डवर आणायची वेगळी खटपट. मागे स्क्रोल करणंही तसंच: टीमक्सचा स्वतःचा इतिहास असतो, मुळात २००० ओळींचा, आणि टर्मिनलच्या स्क्रोलचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे टीमक्समध्ये टीमक्स. इथेही टीमक्स, सर्व्हरवरही टीमक्स, मग आतल्याला काही सांगायचं तर कंट्रोल-बी दोनदा दाबा. इथली मांडणी आय-थ्रीकडे सोपवली की हा प्रश्न उरतच नाही.

उलट बाजूही आहे. एखाद्या प्रोजेक्टचे एडिटर, लॉग आणि चाचण्या हे त्रिकूट कायम एकत्रच हलवायचं असेल, आज या मशीनवरून आणि उद्या दुसऱ्या मशीनवरून त्याच मांडणीला जोडायचं असेल, तर पेन उत्तम. तुमचं सगळंच काम एका दूरच्या मशीनवर असेल तर माझी विभागणी तुम्हाला तशीच लागू पडणार नाही.

सर्व्हरवर एकाच सेशनच्या (टीमक्समधल्या विंडोंच्या एका गटाच्या) दोन टीमक्स विंडो तुम्हाला आय-थ्रीच्या दोन वेगळ्या खिडक्यांत बघायच्या असतील, तर दोन्हीकडून त्याच सेशनला जोडू नका. दोन्ही खिडक्या एकच दृश्य दाखवतील आणि मापही एकमेकांचं ओढतील. जुन्या टीमक्समध्ये तर सगळ्यात लहान खिडकीचं माप सगळ्यांना लागायचं आणि मोठ्या खिडकीत उरलेल्या जागी ठिपके दिसायचे. त्याऐवजी नवं सेशन तयार करताना जुन्याला लक्ष्य करून गट बनवा: न्यू-सेशनला लहान टी आणि जुन्या सेशनचं नाव. विंडो सामाईक राहतात, पण प्रत्येक खिडकी आपली वेगळी विंडो दाखवू शकते. प्रत्येक खिडकीसाठी पुन्हा पासवर्ड नको असेल तर एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये कंट्रोल-मास्टर आणि कंट्रोल-पाथ लावून ठेवा; दुसरी-तिसरी जोडणी पहिलीच्याच वाटेने जाते.

सर्व्हरवर गेल्यावर 'अनोळखी टर्मिनल' अशी तक्रार आली तर त्या मशीनवर तुमच्या टर्मिनलची टर्मइन्फो नोंद (ते टर्मिनल काय काय करू शकतं याची माहिती) नाही, एवढंच. इथून इन्फोकॉम्प या कमांडने काढून तिथे टिक या कमांडने बसवा. बॅश-आरसीत टर्म हे व्हेरिएबल जबरदस्तीने एक्सटर्म करू नका. टीमक्सच्या आत ते स्क्रीन किंवा टीमक्सनेच सुरू होणारं असायला हवं, नाही तर रंग आणि बाणांच्या कळा विचित्र वागतात.

दोन्ही एकत्र वापरायची एक जागा मात्र मला फार आवडते, ती म्हणजे स्क्रॅचपॅड, आय-थ्रीची खिडक्या लपवून ठेवायची जागा. 'टिपण' नावाने एक टर्मिनल उघडायचं, आत टीमक्सचं न्यू-सेशन, त्याला मोठा ए आणि सेशनचं नाव. मोठ्या एमुळे सेशन असेल तर त्यालाच जोडलं जातं, नसेल तर नवं होतं. आय-थ्रीत त्या इन्स्टन्ससाठी नियम: तरंगती खिडकी, स्क्रॅचपॅडमध्ये. मग एका कळीवर ती समोर येते, पुन्हा दाबली की लपते. चुकून बंद केलीत तरी बिघडत नाही, ते टर्मिनल उघडणारी कमांड पुन्हा चालवा, आतलं सगळं जिथल्या तिथे असतं.

कळांबद्दल थोडंसं. आय-थ्री पहिल्यांदा चालू होताना मुख्य कळ म्हणून विंडोज की हवी की ऑल्ट, असं विचारतो. टर्मिनलवाल्यांनी विंडोज कीच घ्यावी, यात मला काही शंका नाही. ऑल्ट-बी, ऑल्ट-एफ या बॅशमध्ये शब्दाशब्दाने पुढे-मागे जायच्या कळा आहेत, आणि टर्मिनलमधले कितीतरी प्रोग्राम ऑल्ट वापरतात. ऑल्ट विंडो मॅनेजरला दिली की आय-थ्रीने बांधलेल्या कळा आतपर्यंत पोचत नाहीत. विंडोज की जुन्या टर्मिनल पद्धतीत आत जातच नाही, त्यामुळे टक्कर होत नाही. टीमक्समध्ये विम वापरताना एस्केप दाबल्यावर क्षणभर अडकल्यासारखं वाटत असेल तर 'एस्केप-टाइम' बघा. जुन्या आवृत्त्यांत तो मुळातच ५०० मिलिसेकंद असतो. १० करा.

दुसऱ्या वर्कस्पेसवर लांबलचक कमांड चालू असेल तर तिच्यामागे घंटीचं अक्षर छापणारा एक प्रिंटएफ जोडा. टर्मिनल घंटीचं रूपांतर 'अर्जंट' खुणेत करतं आणि आय-थ्रीच्या पट्टीवर ते वर्कस्पेस लाल होतं. एक्सटर्ममध्ये हे 'बेल-इज-अर्जंट' या रिसोर्सने चालू करावं लागतं, फूटमध्येही सेटिंग आहे. आवाज नको असेल तर तो वेगळा बंद करता येतो.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे अडेल. लॉगआउट केल्यावर टीमक्स जिवंत राहतो का, हे सिस्टम-डी या मशीनवरच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या 'किल-युजर-प्रोसेसेस' या सेटिंगवर ठरतं. २०१६ साली आलेल्या २३० आवृत्तीपासून सिस्टम-डीने ते मुळातच चालू ठेवलं. अनेक डिस्ट्रोंनी ते परत बंद केलं, पण सगळ्यांनी नाही. सर्व्हरवर टीमक्समध्ये काम सोडून बाहेर पडलात आणि परत आल्यावर सेशनच नसेल, तर आधी लॉगइन-सीटीएलने आपल्या युजरसाठी लिंगर (लॉगआउटनंतरही युजरच्या प्रोसेस राहू देणं) चालू करून घ्या आणि मग टीमक्स सिस्टम-डी-रनने, 'युजर' आणि 'स्कोप' हे पर्याय लावून, नव्याने सुरू करा; नुसत्या लिंगरने भागत नाही.